पहिल्या घरातली आई

आमच्या ऑफिसात जपानहून खोके येतात. खोक्यांत थर्माकोलचे बारीक दाणे भरलेले असतात. कितीही झाडा, चार दिवसांनी कुठल्यातरी कपाटामागून दोन दाणे निघतातच. ऑफिसातल्या किश्शांचंही तसंच आहे. मला वाटतं, झालं, संपलं, आता नवीन काही घडायचं नाही. तेवढ्यात डबा खाताना कोणीतरी म्हणतं, "ताई, ते त्या दिवशीचं सांगा ना!" की निघाले परत!

म्हणून म्हटलं, एकदाचे गोळा करून ठेवावेत. माझं शिक्षण सातवीपर्यंत, त्यामुळे लिहिलेलं बोलल्यासारखंच होईल. चालवून घ्या.

आधी काम सांगते. सीबीडी बेलापूरला आमचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. जपानमध्ये एक छोटीशी कंपनी हातात धरून खेळायच्या मशीनवरचे गेम बनवते. साधे गेम नाहीत, गोष्टीवाले. एक मुलगी घर सोडून निघते, गावोगाव फिरते, माणसांशी बोलते, मध्येच राक्षसाशी लढते आणि शेवटी मोठी होते. हे गेम मराठीत आणायचे आणि दुकानांपर्यंत पोचवायचे, हा आमचा धंदा.

मयूर सर मालक. लहानपणी असलेच गेम खेळून त्यांना जाड चष्मा लागला, तरी प्रेम कमी झालं नाही. केतकी पुण्याची, जपानी शिकलेली, भाषांतर तीच करते. भगतकाका इथलेच, खाडीकाठच्या गावातले. उरणजवळ द्रोणागिरीला त्यांचा गाळा आहे, तिथे आमचे खोके राहतात. टेम्पोला ड्रायव्हर ठेवता येईल त्यांना, पण स्वतःच चालवतात. "घरान बसून काय करू? बायको कामं सांगतंय!" म्हणतात. आणि मी पॅकिंगला. म्हणजे नावाला पॅकिंगला. चार माणसांच्या ऑफिसात सगळे सगळंच करतात.

मी राहते पनवेलजवळ करंजाड्याला. नवरा कंटेनर यार्डात, शिफ्ट ड्युटी. आणि आमची परी, सहा वर्षांची, माझ्या आईकडे, महाडजवळच्या गावी. बिल्डिंगमधल्या ज्या काकू तिला सांभाळायच्या, त्या मुलाकडे राहायला गेल्या. मग परीला ठेवायचं कुठे? "जूनपर्यंत राहू दे आईकडे, मग आणू," असं ठरलं. तो जून गेला. आता दुसरा आला, आणि आई म्हणते, "रमलीय गं ती इथं. शाळा, मैत्रिणी, सगळं इथं. आता उपटू नको तिला."

आईचं खरं असेल तर? हे एकच टेन्शन घेऊन मी रोज ऑफिसात येते. आणि मग तिथे हे असं सगळं!

*

नवीन नवीन असताना सोसायटीतल्या मोरे वहिनींनी मला लिफ्टपाशी गाठलं. "कुठे लागलीस गं कामाला?"

"गेमच्या कंपनीत."

"म्हणजे ठो ठो? गोळ्या?"

"नाही हो. आमच्या गेममध्ये माणसं बहुतेक वेळ बोलतच असतात. कोण कोणावर रागावलं, कोणाची बहीण हरवली, राजाचा खरा मुलगा कोण. मधूनमधून मारामारी."

वहिनी म्हणाल्या, "मग सिरीयलच की!"

मी हे ऑफिसात हसत हसत सांगितलं. मयूर सर हसले नाहीत. खुर्चीतून उठले, फळ्याजवळ गेले आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: "सिरीयल, पण रिमोट तुमच्या हातात!" तीच ओळ पोस्टरवर गेली. पनवेलपासून वाशीपर्यंत दुकानांत लागली.

आठवडाभर फोन खणाणत होता. सर खुश! पण फोन करणाऱ्या सगळ्या बायका एकच विचारत होत्या.

"किती वाजता लागते?"

*

आमचा पहिला मोठा गेम दिव्यांचा. समुद्रकाठच्या एका गावातले दिवे राक्षसांचा राजा पळवून नेतो आणि एक मुलगी ते परत आणायला निघते. शेवटी ती राजासमोर तलवार उपसून उभी राहते आणि ओरडते, थांब!

केतकी इथेच अडकली. तिने डब्याच्या वेळी विषय काढला. "थांब म्हणू की थांबा म्हणू? मुलगी पंधरा वर्षांची आहे. राजा तीनशे वर्षांचा."

मी म्हटलं, "थांबा. मोठ्या माणसाला अरेतुरे कसं करायचं?"

मयूर सरांनी पोळी खाली ठेवली. "ताई, तो गावं जाळतो!"

"जालू दे," भगतकाका म्हणाले, "वयान मोटा हाय ना?"

सर वैतागले. म्हणाले, लढाई आहे, हळदीकुंकू नाही. मी म्हटलं, मत घ्या. घेतलं. दोन विरुद्ध दोन. शेवटी केतकीने मधला रस्ता काढला. सगळ्या गेमभर मुलगी राजाला अहोजाहो करते आणि ज्या क्षणी तिला कळतं की आपल्या आईचा दिवासुद्धा यानेच विझवलाय, त्या क्षणी ती "तू" वर येते.

खेळून बघताना तिथे माझ्या अंगावर काटा आला. मी भगतकाकांकडे बघितलं.

काका म्हणाले, "आता बराबर. आईवर गेला ना तो!"

*

दुकानात पाठवायच्या आधी गेम आम्ही सगळेच खेळून बघतो. कुठे मराठी अर्धवट तुटली का, कुठे अडकतं का. माझी पाळी आली तेव्हा सर म्हणाले, "ताई, तुम्हाला जसं वाटेल तसं खेळा. घाबरू नका."

आता घाबरू नका असं मला सांगणं म्हणजे माशाला पोहू नको सांगण्यासारखं आहे! परी माझ्याजवळ होती तेव्हा मी नळाच्या पाण्याचा वास घेऊन बघायचे. तिला शिंक आली की कपाळाला हात. आता ती लांब आहे, तर तिकडच्या हवामानाच्या बातम्या मी इथे बसून बघते. आईला फोन करते, "स्वेटर घाल तिला." आई म्हणते, "अगं, इथं घाम गळतोय!"

तर मी खेळायला बसले. मुलगी गावाच्या पहिल्या दुकानात गेली आणि मी औषध घेतलं. मग वाटलं, एक पुरेल का? अजून घेतलं. मग विषावरचा उतारा. मग भाजल्यावर लावायचं मलम. पैसे संपले की गवतातले छोटे छोटे राक्षस मारायचे, पैसे मिळवायचे, परत दुकान. मला छान जमलं होतं. पिशवी भरली.

दुपारी केतकी मागे येऊन उभी राहिली. बराच वेळ बघत होती.

"ताई, हिला दिवे आणायला जायचंय."

"जाईल की. आधी नीट तयारी तर होऊ दे."

"तलवार घेतलीत?"

तलवार मी घेतलीच नव्हती. केतकीने पिशवी उघडून वरपासून खालपर्यंत बघितली आणि म्हणाली, "ताई, ही लढायला चाललीय की मेडिकल टाकायला?"

*

मग आवाजांचा किस्सा. दिव्यांच्या गेममध्ये काही वाक्यं ऐकू येतात. त्यासाठी खरे कलाकार आणायचे तर आमच्या सरांच्या आवाक्याबाहेरचं. म्हणून सरांनी जाहीर केलं, "आपणच करू!"

सामानाचं कपाट रिकामं केलं. मी घरून दोन गोधड्या आणल्या, त्या आतून लावल्या. झाला स्टुडिओ! एका वेळी एकच माणूस मावायचं, तेही पोट आत घेऊन.

राक्षसांचा राजा भगतकाका. त्यांनी कपाटात जाऊन असा आवाज काढला की खालच्या मजल्यावरच्या वकिलांचा शिपाई धावत वर आला. आणि मी आई. गेम सुरू होतो ते पहिलंच घर. मुलगी निघते आणि आई दारात उभी राहून दोन वाक्यं बोलते. खेळणाऱ्याने आईजवळ जाऊन बटण दाबलं की ती परत बोलते. बस्स, एवढंच काम.

कागदावर लिहिलं होतं, "जा बाळ, यशस्वी हो." मी म्हटलं. सर म्हणाले, परत. मी परत म्हटलं. सर म्हणाले, "ताई, बक्षीस समारंभ नाहीये." मी पुन्हा म्हटलं. माझ्या हातापायाला घाम, कपाटात हवा नाही, वरून गोधड्या!

शेवटी केतकीने कपाटाचं दार थोडं उघडलं आणि म्हणाली, "ताई, कागद द्या इकडे. परीला शाळेत सोडताना काय म्हणायचात, ते म्हणा."

दार बंद झालं. अंधारात मी एकटी. माझ्या तोंडून निघालं, "जेवलीस का? पाणी बाटलीत भरलंय. उन्हात थांबू नको. लवकर ये."

मी बाहेर आले. सरांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "एकच प्रॉब्लेम आहे." परत ऐकवलं. 'लवकर ये'च्या मागे घूं घूं असा आवाज. वरून विमान गेलं होतं! नवीन विमानतळ झाल्यापासून ही एक कटकट आहे.

"परत करू?" मी विचारलं.

"नको," सर म्हणाले. "असं परत येणार नाही."

"पण सर, त्या गावात विमान कुठून आलं?"

"वारा आहे म्हणून सांगू. समुद्रकाठचं गाव आहे."

रेकॉर्डिंग जपानला गेलं. तिकडून मेल आला. बाकी सगळं आवडलं, वारा तर फारच छान आहे, फक्त एक शंका. मुलगी नुकतीच आईच्या हातचं जेवून उठलेली दाखवली आहे. मग आई जेवलीस का असं का विचारते?

सरांनी उलट मेल केला. "मुलगी अजून घरात आहे म्हणून. बाहेर पडली की फोनवर विचारेल."

*

तो मेल वाचून म्हणे तिकडचे साहेब हसले आणि म्हणाले, मला या लोकांना भेटायचंय. आले खरंच! हा गेम ज्यांनी बनवला, तेच. पिकलेले केस, बारीक अंगाचे, फार कमी बोलणारे. आम्ही सगळे टेन्शनमध्ये. मी तर त्यांच्यासाठी उकळून गार केलेलं पाणी वेगळं ठेवलं होतं.

भगतकाका म्हणाले, हॉटेलबिटेल नको, माझ्या घरी जेवायला. काकूंनी तांदळाच्या भाकऱ्या, ओल्या बोंबलाचं कालवण आणि कोलंबी केली होती. साहेब खाली मांडी घालून बसले आणि एक अक्षर न बोलता जेवले. काकू वाढत गेल्या, ते जेवत गेले. नको म्हणायचं त्यांना माहीतच नसावं.

जेवण झाल्यावर ते केतकीशी बोलायला लागले आणि ती आम्हाला सांगत होती. म्हणाले, पूर्ण गेममध्ये मी सगळ्यात जास्त वेळ पहिल्या घरावर घालवला. चुलीवरचं भांडं, खिडकीचा पडदा, आईची चप्पल. पण त्या घरात राक्षस नाही, खजिना नाही. खेळणारे आत पाऊल टाकतात आणि लगेच बाहेर पडतात. तिथे थांबत कोणीच नाही. तुमची आई ऐकल्यावर वाटलं, कोणीतरी थांबेल.

मी खाली बघत राहिले. माझ्याबद्दल होतं ना ते!

भगतकाकांनी विचारलं, "यांची आई हाय का?"

केतकीने विचारलं. साहेब म्हणाले, आहे. लांब डोंगरातल्या गावात, एकटी. नवीन वर्षाला जातो. कधी कामामुळे तेही होत नाही.

काका जेवणानंतरची बडीशेप चघळत होते. चघळता चघळता म्हणाले, "मंग यो इथं काय करतंय?"

हे काही केतकीने जपानीत सांगितलं नाही. पण साहेब बराच वेळ हातातल्या बडीशेपेकडे बघत बसले.

*

आता शेवटचा.

गेम दुकानात जायच्या आधी काही मुलांना खेळायला देतात. ही जपानची पद्धत. मुलांना काही सांगायचं नाही, विचारायचं नाही, नुसतं मशीन द्यायचं. मूल गेममध्ये कुठे कुठे फिरलं ते मशीन लक्षात ठेवतं, आणि वायफाय मिळालं की इकडे ऑफिसच्या कॉम्प्युटरवर दिसतं. गेमचा नकाशा, आणि त्यावर त्या मुलाची लाल रेघ. सगळी मुलं एकाच ठिकाणी अडकली तर समजायचं, तिथे काहीतरी चुकलंय.

सर म्हणाले, "ताई, एक मशीन परीला पाठवा. गावाकडचं मूल पण हवंच आपल्याला." मी खुश! म्हटलं, आईने काय पाठवलंय बघ, म्हणून तरी माझी आठवण काढेल. भगतकाका टेम्पो घेऊन त्या बाजूला जाणार होते, तेच देऊन आले. गेममध्ये आईचा आवाज माझा आहे, हे मी मुद्दाम सांगितलं नाही. म्हटलं, ओळखते का बघू. ओळखलं की फोन करून नाचेल!

फोन आलाच नाही. मी केला, तर आईने उचलला. "खेळतेय गं. नंतर बोलते म्हणते."

दुसऱ्या दिवशी केला. "खेळतेय."

आधी फोन वाजला की परी आजीच्या हातून हिसकावून घ्यायची. दात हलतोय, मांजरीला पिल्लं झाली, बाईंनी वहीवर 'छान' दिलं, सगळं एका श्वासात. मग हळूहळू कमी झालं होतं. आता तर बंदच! त्या मशीनचा मला इतका राग आला, की गाळ्यातले सगळे खोके खाडीत टाकावेत असं वाटलं. आपल्याच हाताने पाठवलं की मी!

आई म्हणाली, "बघ, रमते की नाही? मी म्हणते ते ऐक. तिची शाळा इथंच राहू दे."

मी नवऱ्याला म्हटलं, "आई म्हणते ते बरोबर असेल. तिला आता माझी गरज नाही." परीची छोटी सायकल गॅलरीत आहे, तिच्या चाकात तो नुसती हवा भरत बसला.

आणि मग एका सकाळी सर ओरडले, "केतकी! इकडे ये!"

कॉम्प्युटरवर सगळ्या मुलांचे नकाशे उघडले होते. खारघरचा मुलगा थेट राजवाड्यापर्यंत. उरणची मुलगी सगळ्या गावांत. लाल रेघा नुसत्या धावत होत्या. आणि एका मशीनवर रेघच नव्हती. पहिल्या घरात एक लाल ठिपका. रोज तिथेच फिरून फिरून तो जाड झाला होता, खरचटून लाल झालेल्या गुडघ्यासारखा.

"मूल घराच्या बाहेरच पडलेलं नाही!" सर म्हणाले. "दार उघडत नसणार. जपानला कळवायला पाहिजे. हे असं दुकानात गेलं तर मेलो आपण!"

केतकीने मशीनचा नंबर बघितला. मग माझ्याकडे बघितलं. "ताई, हे परीचं आहे."

माझी पहिली भीती हीच, की आपल्या पोरीला खेळता येत नाही, ती तिकडे अडकून बसलीय आणि लाजेने कोणाला सांगत नाही. सर म्हणाले, "फोन लावा. स्पीकरवर टाका. नक्की काय होतंय ते कळू दे." भगतकाका खोके उतरवून नुकतेच वर आले होते, तेही टेबलाला टेकून उभे राहिले.

आईने उचलला. मी म्हटलं, "काही नाही, ऑफिसचं काम आहे, परीच्या कानाला लाव."

"काय गं?" परीचा आवाज. किती दिवसांनी!

"परी, गेममध्ये घराचं दार उघडत नाहीये का?"

"उघडतं."

सर आणि केतकीने एकमेकांकडे बघितलं.

"मग बाहेर का जात नाहीस? बाहेर किती मज्जा आहे. दिवे आहेत, बोट आहे. बाकीची मुलं कुठच्या कुठे पोचली."

नुसता बटणाचा टक असा आवाज आला.

"परी? ऐकतेस ना?"

"थांब ना गं," परी म्हणाली, "आई बोलतेय."

आणि फोनमधून, लांबून, गोधडीतल्यासारखा, माझा आवाज आला. जेवलीस का? पाणी बाटलीत भरलंय. उन्हात थांबू नको.

टक.

लवकर ये. मागे वारा.

टक. जेवलीस का?

मग टेम्पोची चावी वाजली. भगतकाकांनी ती खिशातून काढून हातात धरली होती.

"मंग तू इथं काय करतंस गो?"